आमदार पक्ष बदलतो तेव्हा

रेवदंड्याच्या खाडीत वारा फिरला की तांडेल शीड फिरवतो. त्याला कोणी फितूर म्हणत नाही. आमदाराने पक्ष फिरवला की मात्र गावात दोन तट पडतात. ‘आता हा पुन्हा निवडून येत नाही!’ असे कोणीतरी ठणकावतोच. हे कितपत खरे, ते घडलेल्या निवडणुकांनाच विचारू या.

१९९१ साली छगन भुजबळ शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. मुंबईतल्या माझगावने त्यांना १९८५ व १९९० मध्ये विधानसभेत धाडले होते. १९९५ मध्ये त्याच माझगावात सेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडले. माझगावात सेनेची शाखा जागेवर राहिली, मतेही तिच्यापाशी राहिली. गेला तो नेता. आता उलट पाहा. २००५ मध्ये नारायण राणे यांनीही सेनाच सोडली. पण आमदारकीचा राजीनामा देऊन ते मालवणच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि काँग्रेसतर्फे निवडून आले. मालवणात माणसे त्यांची स्वतःची होती. शिवाय ते लगेच मतदाराच्या दारी गेले, हेही मला मोठे वाटते.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचे काय, असे तुम्ही विचाराल. कायदा डोकी मोजतो. विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदार लागतात. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपात गेले. हिशेब नेमका भरला, आमदारकी वाचली. पुढे २०२२ मध्ये मतदाराने आपला हिशेब काढला. या गटाचे पुढारी चंद्रकांत कवळेकर केपे मतदारसंघातून सलग चार वेळा निवडून आले होते, ते तिथेच हरले. त्याच गटातले बाबूश मोन्सेरात मात्र पणजीत तरले, पण अवघ्या ७१६ मतांनी.

आता आपल्या रायगडाकडे येऊ. रेवदंडा अलिबाग मतदारसंघात मोडते. २०२२ मध्ये अलिबागचे महेंद्र दळवी, महाडचे भरत गोगावले आणि कर्जतचे महेंद्र थोरवे हे सेनेचे तिघेही आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने सेनेचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटास दिला. २०२४ मध्ये तिघेही पुन्हा निवडून आले. मतदानयंत्रावर तिघांपुढे २०१९ चाच धनुष्यबाण होता. तेव्हा यांनी पक्ष सोडला की पक्ष बरोबर नेला, हा वाद आमच्याकडे अजून चालूच आहे.