दीर्घकालीन हिपॅटायटिस बी आणि चयापचयाचे आरोग्य

दीर्घकालीन हिपॅटायटिस बी (दीर्घकालीन यकृतशोथ-ब) म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचा सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला संसर्ग होय. रक्तात विषाणूचे पृष्ठभाग-प्रतिजन (एचबीएसएजी) सतत आढळणे ही त्याची खूण. सिरोसिस आणि यकृताचा कर्करोग हे त्याचे गंभीर परिणाम आहेत. ते कोणाला होतील हे केवळ विषाणूवर अवलंबून नसते. स्थूलता, उच्च रक्तदाब, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण आणि विशेषतः टाइप २ मधुमेह यांमुळे धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी आणि भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हा संसर्ग होता.

या रोगाला बोलीत सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे, कारण दीर्घकालीन संसर्गात डोळे पिवळे न होता अनेक वर्षे निघून जातात. फॅटी लिव्हरही तसाच मुका असतो.

रोगाची यंत्रणा

विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपली वर्तुळाकार डीएनए-प्रत राखून ठेवतो आणि त्याच्या डीएनएचे काही तुकडे पेशीच्या गुणसूत्रांत मिसळतात. त्यामुळे सिरोसिस झालेला नसतानाही कर्करोग उद्भवू शकतो. दुसरीकडे, शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की यकृतपेशींत चरबी साचते, दाह वाढतो आणि यकृतातील तारकापेशी कोलॅजन तयार करू लागतात. या तंतुमयतेची शेवटची पायरी म्हणजे सिरोसिस. दोन्ही विकार एकत्र आल्यास एकाच यकृताला दोन्हींकडून इजा होत राहते.

तैवानमधील अभ्यास

या विषयातील बरेचसे ज्ञान तैवानमधून आले. तेथे हा संसर्ग फार मोठ्या प्रमाणावर होता आणि १९८४ मध्ये तेथे नवजात बालकांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हील’ अभ्यासात ३,६५३ संसर्गितांचा पाठपुरावा केला होता. रक्तातील विषाणूंची संख्या जितकी अधिक, तितका कर्करोगाचा धोका अधिक, असे त्यातून दिसले. २००८ मध्ये २३,८२० रहिवाशांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. स्थूलता आणि मधुमेह दोन्ही असलेल्या हिपॅटायटिस बी किंवा सी वाहकांमध्ये यकृतकर्करोगाचा धोका शंभर पटींहून अधिक आढळला. हा आकडा जपून वाचावा. त्यात संसर्गाचा स्वतःचा वाटाच मोठा आहे.

फसवी आकडेवारी

यकृतात चरबी असलेल्या संसर्गितांमध्ये विषाणूंची संख्या बहुधा कमी आढळते आणि पृष्ठभाग-प्रतिजन नाहीसे होण्याचे प्रमाणही काहीसे अधिक दिसते. म्हणून चरबी हितकारक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विषाणू मंदावला तरी चरबीमुळे होणारी हानी थांबत नाही, आणि विषाणूंचा आकडा कमी आहे एवढ्यावरून मधुमेही रुग्णाला निर्धास्त करता येत नाही. यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या चाचणीचा अर्थ लावतानाही अतिरिक्त चरबी व दाह यांचे भान ठेवावे लागते.

उपचार

टेनोफोव्हिर व एन्टेकॅव्हिर ही औषधे विषाणूला दाबून ठेवतात आणि कर्करोगाचा धोका घटवतात. तो शून्यावर मात्र येत नाही. केंद्रकातील प्रत शिल्लक राहत असल्याने औषध मनाने बंद केल्यास रोग उसळून प्राणावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने रक्तात विषाणू असलेल्या रुग्णाला मधुमेह किंवा चयापचयजन्य फॅटी लिव्हर असणे हेही औषधोपचार सुरू करण्याच्या कारणांत धरले आहे. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण केवळ चाचण्यांच्या मर्यादांवर बोट ठेवल्यास असे रुग्ण पूर्वी उपचाराबाहेर राहत. धोका अधिक असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी, असा प्रघात आहे.

स्थूल व्यक्तीने ७ ते १० टक्के वजन घटवल्यास यकृतातील चरबी व दाह कमी होतात. मद्य पूर्ण वर्ज्य करणे श्रेयस्कर. सडपातळ व्यक्तीलाही फॅटी लिव्हर होऊ शकतो. भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांक २३ झाला की वजन अधिक मानले जाते आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे धरतात.

भारतातील कार्यक्रम

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. फॅटी लिव्हरचा समावेश २०२१ मध्ये मधुमेह, कर्करोग व हृदयविकार यांच्या स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमात करण्यात आला.