दोन डॉक्टर, एकच बीएमआय

डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणाऱ्या माझ्यासारख्या बारीक मंडळींचा एक ठाम समज असतो : पोट थोडं सुटलंय खरं, पण वजन तर बरोबर आहे ना! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये या समजाला सुरुंग लावला, तोही स्वतःचाच फोटो छापून. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

हे येतं कुठून? पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास याज्ञिकांनी १९९३ मध्ये सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. जेवणानंतर इन्शुलिन हे हार्मोन रक्तातली साखर मुख्यतः स्नायूंकडे पोचवतं. आता स्नायूच कमी, तर साखर जाणार कुठे?

म्हणजे आपल्या डायबेटिसची गोष्ट वडापावच्या कितीतरी आधी, आईच्या ताटापासून सुरू होते. असो. मी तर वजनकाटा सोडून कमरेला टेप लावली. आकडा सांगणार नाही!