करडा पट्टा

मनगटी घड्याळाचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राविषयी लिहितात. पट्ट्याला त्यात क्वचितच जागा मिळते. आमच्याकडे क्रिस्टोफर वॉर्ड या, २००४ साली स्थापन झालेल्या, स्वतंत्र ब्रिटिश कंपनीचे घड्याळ आहे. त्यासाठी पट्टा शोधताना 'नाटो' हे नाव वारंवार समोर आले आणि आम्ही त्यापाशी थबकलो.

हा पट्टा मुळात ब्रिटिश लष्कराचा. १९७३ साली तेथील संरक्षण मंत्रालयाने त्याचे मानक निश्चित केले : नायलॉनचा, २० मिलिमीटर रुंद, करड्या रंगाचा. सैनिकाला तो जी-१०९८ हा अर्ज भरून मिळे. 'नाटो' हे नाव त्याला चिकटले ते त्या संघटनेच्या साठा-क्रमांकावरून. पट्टी घड्याळाखालून सलग ओवलेली असल्याने एक पिन तुटली, तरी घड्याळ दुसरीच्या आधारे मनगटावर राहते.

जिथे निवडीला वावच नव्हता, तिथली ही वस्तू आज नाना रंगांत विकली जाते आणि वैयक्तिक अभिरुचीची खूण मानली जाते. हा विपर्यास ध्यानात आल्यावर आम्ही करडाच पट्टा घेतला. तो अधिक शोभतो म्हणून नव्हे, तर त्याची हकीकत आता आम्हांस ठाऊक होती म्हणून.