कुंभकोणमच्या पोटातील डोंगर

तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास मोडी कागदांतून वाचता येतो, व तो आपणांपैकी बहुतेकांस थोडाफार ठाऊक असतो. परंतु एकोजी राजांमागून आलेल्या आपल्या पूर्वजांनी ज्या भूमीवर घरे बांधली, तिचाही एक इतिहास आहे. तो दगडमातीत लिहिलेला असून भूशास्त्रीय नकाशा ही त्याची लिपी होय.

असा नकाशा काढावयाचा तर आधी भूमापनाचा नकाशा हवा. १८०८ साली, दुसरे सरफोजी राजे गादीवर असता, लॅम्ब्टन साहेबांचा अवजड थिओडोलाइट तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या शिखरावर चढविताना दोर तुटला व यंत्राची मोडतोड झाली. सपाट, झाडांनी झाकलेल्या या मुलखात दूरवर पाहण्यास देवळासारखी उंच जागा दुसरी कोठून मिळणार? लॅम्ब्टन यांनी यंत्र दुरुस्त करून काम पुढे चालविले.

१८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे अधिकारी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी कोल्लिडम नदीच्या उत्तरेकडील प्रदेशाचा नकाशा तयार केला. त्याची रीत अशी: ओढ्याकाठी, विहिरीत, जेथे खडक उघडा पडला असेल तेथे जावयाचे, हातोडीने तुकडा काढून पारखावयाचा, थर कोणत्या दिशेस व किती कलला आहे हे मोजावयाचे, आणि एक खडक संपून दुसरा लागतो तेथे रेघ ओढून दोहोंस निराळे रंग द्यावयाचे. ब्लॅनफर्ड यांनी तेथील सागरी थरांचे उत्तातूर, त्रिचनापल्ली व अरियलूर असे गट पाडले. त्यांचे वृत्त १८६२ साली प्रसिद्ध झाले. त्या थरांतील शंखशिंपले एके काळी तेथे समुद्र होता याची साक्ष देतात. त्या समुद्राच्या अखेरच्या काळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इकडे महाराष्ट्रात लाव्हाचे लोट वाहून सह्याद्रीचा काळा पाषाण घडत होता.

कुंभकोणमात मात्र हातोडीस काम नाही. येथे सर्वत्र कावेरीचा गाळ. पुढे खनिज तेलाच्या शोधार्थ जमिनीत कंपनलहरी सोडून व खोल विंधणे घेऊन पाहिले, तेव्हा गाळाखाली पुरातन कठीण खडकाची एक लांब रांग असल्याचे दिसले. प्राचीन भूखंड दुभंगताना दोन्ही बाजूंचे भाग खचले व ही रांग उंच राहिली. भूशास्त्राच्या ग्रंथांत तिला आपल्याच गावाचे नाव आहे: कुंभकोणम–मादनम–पोर्टोनोव्हो कटक.

‘आपण येथले की तेथले?’ हा प्रश्न आमच्या घरांतून आजही निघतो. ज्या मातीस आपण येथली म्हणतो, तीही कोडगू-म्हैसूरच्या डोंगरांतून वाहत आली आहे. तरी तीवर पिकलेल्या भातास कोणी परका म्हणत नाही.

तंजावरातच जन्मलेले डॉ. म. सी. कृष्णन १९५१ साली सर्वेक्षण संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. पेरंबलूरजवळच्या सातनूरचे १८ मीटर लांबीचे दगड झालेले झाडाचे खोड त्यांनीच १९४० साली जगापुढे आणले. आपल्या मुलांस घेऊन ते एकदा अवश्य पाहून यावे, अशी आमची विनंती आहे.