दिसलेले वादळ, न बजावलेली नोटीस

नोटीस लिहिण्यापेक्षा ती बजावणे कठीण, हे वकिलीच्या धंद्यात आम्ही आरंभीच शिकलो. नोटीस निघाली खरी. परंतु ती प्रतिपक्षास पोहोचली काय, आणि पोहोचली तर उमगली काय, या मुद्द्यावर कित्येक दावे अडून बसतात. १९७० च्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात जे घडले, त्याचा इतिहास वाचताना आम्हांस याच मुद्द्याची आठवण होते.

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने ‘टायरॉस’ हा हवामान-उपग्रह सोडला. तोवर भर समुद्रातील वादळाची वार्ता मिळे ती बहुधा जहाजांकडून. आणि ज्या जहाजास वादळाने गिळले त्याने वार्ता द्यावी तरी कशी? पुढल्याच वर्षी सप्टेंबरात टेक्सासच्या किनाऱ्यावर ‘कार्ला’ चालून आले. तिसऱ्या टायरॉसने त्याची छायाचित्रे घेतली, लाखो माणसे घरे सोडून आत गेली, आणि तेथील बळी पन्नासाच्या आत राहिले. याच किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन शहरात १९०० साली निदान सहा हजार माणसे प्राणांस मुकली होती. मात्र हे सारे श्रेय उपग्रहास देणे अन्यायाचे होईल; रडार, विमाने, चांगले रस्ते आणि दारोदारच्या मोटारी यांचाही त्यात मोठा वाटा होता.

मेघनेच्या मुखाशी असलेल्या भोला, हातिया, मनपुरा या सखल बेटांवर यांतले रस्ते नव्हते, मोटारीही नव्हत्या. वादळ मात्र दिसत होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते उत्तरेकडे सरकत असल्याचे अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांत उमटले होते. १२ तारखेच्या रात्री, ऐन भरतीच्या वेळी, ते पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. समुद्र भिंतीसारखा उठून बेटांवरून गेला. तीन ते पाच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. नेमकी मोजदाद कधीच झाली नाही.

मग सूचना दिलीच नव्हती काय? दिली होती. ‘तांबडा चार, तांबडा चार’ असे रेडिओने सांगितले. परंतु तेथील लोकांच्या अंगवळणी पडली होती ती दहा आकड्यांची जुनी पद्धत. दहांपैकी चार म्हणजे बेताचेच वारे, असे कोणास वाटले तर त्यास दोष कसा द्यावा? कोकण-गोमंतकातील आमचे दर्यावर्दीही बंदरावरील बावट्याच्या नंबरावरूनच धोका जोखतात. उद्या कोणी ती संख्याच बदलली, तर तेही फसतील. नंतरच्या एका पाहणीत आढळले की, वादळ येत असल्याचे शेकडा नव्वद लोकांस ठाऊक होते. पक्क्या इमारतीचा आसरा घेतला तो शेकडा एकाने. अर्थात सारा दोष आकड्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. नोटीस समजली असती तरी जावयाचे कोठे? बेटावर उंचवटा नाही, पक्की इमारत क्वचित.

पुढल्याच महिन्यात निवडणुका झाल्या. मदतीतील दिरंगाईचा संताप तेथील मतदारांच्या मनात होता, आणि १९७१ साली ते राष्ट्रच वेगळे झाले. १९७२-७३ मध्ये बांगलादेशात रेड क्रॉसच्या साह्याने गावोगाव स्वयंसेवक नेमण्यात आले. पुढे खांबांवर उभे केलेले पक्के निवारे बांधले गेले. २००७ च्या नोव्हेंबरात ‘सिद्र’ त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा बळी सुमारे साडेतीन हजार होते. हा आकडाही लहान नव्हे. वादळाचे चित्र आजही आकाशातूनच येते. पण गावात ते पोहोचते बावट्यांनी, आणि दारोदार कर्णा घेऊन ओरडत फिरणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून.