दुष्काळातून वाचलेली मुले

वाचकहो, दुष्काळाचा इतिहास वाचताना आपण मृतांचा आकडा पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. परंतु जी मुले वाचली, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. १८९६-९७ च्या दुष्काळातून रयत सावरते न सावरते, तोच १८९९ साली पावसाने पुन्हा दगा दिला. प्रांतातील ब्रिटिश मुलखाची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी ८ लाख होती. १९०१ मध्ये ती ९९ लाखांच्या आत आली. पुष्कळ माणसे निव्वळ भुकेने नव्हे, तर भुकेने खंगलेल्या शरीरात ताप, पटकी व अतिसार शिरल्याने गेली. सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढली, मुलांसाठी अन्नछत्रे उघडली. त्यामुळे अनेक जीव वाचले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु पाऊस परतला म्हणून शरीराचे नुकसान भरून निघत नाही. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढणे फार कठीण असते. ‘अ’ जीवनसत्त्वाचा यकृतातील साठा संपला की आधी रातांधळेपणा येतो. वेळीच उपचार न झाल्यास बुबुळ खराब होऊन दृष्टी कायमची जाते. खुंटलेली मुलगी आई झाली, तर तिचे बाळही कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. म्हणजे दुष्काळ दुसऱ्या पिढीतही उतरतो!

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा मातेच्या उदरात असलेल्यांची पुढे पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली. त्यांच्यात रक्तातील साखर काबूत ठेवण्याची शक्ती कमी आढळली. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांत हृदयविकार अधिक दिसला.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या आल्या, १९९५ साली शालेय आहाराची राष्ट्रीय योजना आली. मुलाचे ताट भरणे हे केवळ संकटकाळाचे काम नाही, हे आपल्याला उशिरा का होईना, उमगले.

पालकहो, शिक्षकबंधूंनो, संकट ओसरले की मदतही ओसरते. म्हणून वर्गातील प्रत्येक मुलाची उंची व वजन दर सहामाहीस नोंदवू या. संध्याकाळी ठेचकाळणाऱ्या मुलास ‘धांदरट’ म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घेऊ या. कदाचित त्याच्या घरचा दुष्काळ अजून संपलेला नसेल.