जात्यापाशीं राहिलेला इतिहास

पुण्याहून सोलापूर रस्त्यानें पूर्वेस निघालें म्हणजे हडपसर मागें पडल्यावर लोणी काळभोर हें गांव लागतें. थेऊरचा चिंतामणि येथून जवळच आहे. १७७२ सालीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं देह ठेवला तो थेऊरास, आणि रमाबाईंनीं सहगमन केलें तेंही तेथेंच. या टापूंतील ज्या स्त्रीचें नांव इतिहासानें जपलें तें असें तिच्या मरणामुळें. परंतु ज्या स्त्रिया येथें जगल्या, पहांटेपासून रात्रीपर्यंत राबल्या, मुलें-नातवंडें वाढवून निमूटपणें निघून गेल्या, त्यांची नोंद कोठें पाहावी?

गांवांच्या नोंदी झाल्या नाहींत असें नव्हे. पेशवाई संपल्यावर थोड्याच काळांत डॉक्टर थॉमस कोट्स यांनीं लोणी नांवाच्याच एका गांवाची पाहणी केली. तें गांव म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंद. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉक्टर हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर येथील जमिनी, पिकें आणि कर्ज यांचा बारीक हिशेब १९१७ सालीं प्रसिद्ध केला. आणि १९६० सालीं डॉक्टर घुर्ये यांनीं पुन्हा लोणीकंदावर ग्रंथ लिहिला. हीं कामें मोलाचीं आहेत. पण खातेदार मोजतां येतो, बैल मोजतां येतो, कर्जही मोजतां येतें. एका बाईचा एक दिवस कोणत्या रकान्यांत मांडावा?

तो दिवस कोंबडा आरवण्यापूर्वीं जात्यापाशीं सुरू होई. घरांतल्या सर्व माणसांची भाकरी आधीं दाणा म्हणून तिच्या हाताखालून जाई. मग पाणी, शेणगोठा, चूल. आणि उन्हें चढलीं कीं डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन शेताची वाट. तेथें खुरपणी, वेंचणी, कापणी. सुगींत खळ्यावर उफणणी. परततांना भारा रिकामा नसेच; जळण किंवा वैरण असावयाचीच. तान्हें मूल बांधावर झोळींत निजलेलें असे. रात्रीं सर्वांची पानें झाल्यावर उरेल तें तिचें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्यास धरण झालें आणि मुठेचा उजवा कालवा या पूर्वेकडील गांवांतून पुढें गेला. कोरडवाहू शिवारांत ऊंस आला, भाजीपाला आला, गुऱ्हाळें पेटलीं. घरांत पैसा खेळूं लागला खरा, पण ज्या शेतांत वर्षांतून एकदां खुरपें चाले तेथें तें बारा महिने चालूं लागलें. बागायतीची ही दुसरी बाजू खुरपें धरणाऱ्या हातांस ठाऊक होती.

म्हातारपणींही हे हात थांबत नसत. बियाणें राखेंत घोळून गाडग्यांत राखून ठेवणें, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवणें, बाळंतिणीस शेक देणें, नातवंडास मांडीवर घेऊन ओव्या म्हणणें, हें आजीचें खातें. शाळेंत न गेलेल्या त्या बाईपाशीं पाऊस, पीक आणि माणसें यांचें ज्ञान होतें. कागदावर मात्र तें कोणीं उतरविलें नाहीं.

एका आजीच्या बाबतींत तें उतरलें, आणि त्यावरून किती हरपलें याची कल्पना येते. जळगांवजवळील असोदें येथें १८८० सालीं शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. तरुणपणींच वैधव्य आलें. शेत आणि घर ओढतां ओढतां त्या आपल्या बोलींत गाणीं रचीत गेल्या. त्यांचे चिरंजीव कवि सोपानदेव व एक आप्त यांनीं तीं टिपून ठेवलीं. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या. पुढें सोपानदेवांनीं तीं वही आचार्य अत्र्यांस दाखविली आणि १९५२ सालीं त्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. मुलगा कवि नसता तर? मग असोद्याची ही लेकही लोणीच्या लेकी-सुनांप्रमाणें अनामिकच राहिली असती.

पिठाची गिरणी गांवोगांव आली आणि मनगटांस विसांवा मिळाला. त्याबद्दल कोणीही हळहळूं नये. परंतु जातें थांबलें तशी ओवीही थांबली. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनीं पुणें जिल्ह्याच्या खेड्यांपासून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तो ठेवा कांहीं अंशीं वांचला. त्यांत माहेर आहे, लेक आहे, कष्ट आहेत. सासरचा जांच तर आहेच.

राहतां राहिला सातबारा. ज्या जमिनींत तिचा जन्म गेला, तिच्या उताऱ्यावर तिचें नांव बहुधा नसे. १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं केंद्रानें कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलीस मुलाइतकाच वांटा दिला. हा न्याय नातींच्या वांट्यास आला. आजीच्या वेळीं तो नव्हता.

शहरांतील पुष्कळ घरांचा वंश दोन-तीन पिढ्या मागें अशाच एखाद्या उंबऱ्यापाशीं जाऊन पोंचतो. पणजोबांचें नांव तेथें चटकन सांगतात. पणजीचें विचारलें म्हणजे सारे एकमेकांकडे पाहूं लागतात. ज्या घरांत तें सांगणारें एखादें म्हातारें माणूस अजून आहे, त्या घरानें आज सायंकाळींच तें विचारून लिहून ठेवावें, आणि त्यासोबत तिचें माहेर, तिचें शेत व तिची एखादी ओवीही.